हौसाचं रेडकू कुठनं आलं

अन्वर,

तुझं पुस्तक करणाऱ्या मेघानं काल त्याची कच्ची छपाई आणली आणि आरशापुढच्या फळीवर ठेवली. म्हणाली, "काका, शेवटच्या भागात मागची पानं मोकळी ठेवल्यात. अन्वरचाचांवर तुम्ही लिहायचं." मी म्हटलं, चौथीत शाळा सोडलेल्या न्हाव्याला काय लिहायला सांगतीस. म्हणाली, "लिहू नका. त्यांच्याशी बोलत होता तसं बोला."

तुझ्याशी बोलायचं म्हणजे भांडायचं. ते मला जमतं.

तू कुठं जन्मलास, किती शिकलास, कुणी तुला शाल घातली, ते तिनं पहिल्या भागात घातलंय. मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. तुला पहिली लव फुटली तेव्हापासून तुझी दाढी मी केली. एखाद्याचं तोंड इतकी वर्षं हातात घेतल्यावर त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणाला विचारायला जावं लागत नाही.

पण हा भाग कुणी आधी हातात घेतला तर त्याला कळायला पाहिजे, म्हणून तुला माहीत असलेलंच सांगतो. पेपरात रोज तीन चौकोन यायचे. त्यात एक मालक आणि त्याची म्हस, हौसा. मालक संध्याकाळी तिला कट्ट्यावर आणून उभी करायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून पेला भरून द्यायचा, आपल्याकडं काढतात तशी. पहिल्या दोन चौकोनांत माणसं बोलायची. तिसऱ्यात हौसा. मालक म्हणायचा, "हौसा, आज पाणी का पीत न्हाईस?" हौसा म्हणायची, "मी कशाला पिऊ? उरलेल्या दुधात तुम्ही घालताच की नंतर." बस, एवढंच. अर्धं कोल्हापूर त्याच्यावर दिवस काढायचं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा मंगळवार पेठेतला अन्वर पेंटर ही म्हस काढतो, हे लोकांना पटायला वर्ष गेलं.

पहिली पट्टी छापून आली त्या दिवशी तू पेपर घेऊन पळत माझ्या दुकानात आलास. सिनेमाची पोस्टरं चिकटवून उरलेली खळ तुझ्या डब्यात होती. बाकड्यामागच्या भिंतीवर डाव्या कोपऱ्यात, अगदी वर, तू स्वतः ती पट्टी लावलीस. दुसऱ्या दिवशीची मी लावली. मग रोजचंच झालं. सकाळी दुकान उघडायचं, उदबत्ती लावायची, पट्टी कापायची, खळ लावायची, मग पहिलं गिऱ्हाईक. त्याच पेपरच्या बाकीच्या पानांचे तुकडे करून त्यावर वस्तऱ्याचा फेस पुसायचो. पुढाऱ्यांची तोंडं फेसानं भरायची, पण म्हशीला मी कधी फेस लागू दिला नाही.

खुर्चीत बसलेल्याला ती भिंत आरशात उलटी दिसायची. त्याला वाचता यायचं नाही. मग तो विचारायचा, "काय म्हणत्या आज म्हस?" आणि मी वाचून दाखवायचो. आधी अडखळत, बोट ठेवून. तू बाकड्यावर बसून हसायचास. "बाब्या, म्हस बोलतीया तुझ्यापेक्षा चांगलं." माझं वाचन शाळेत झालं नाही, तुझ्या म्हशीनं करून घेतलं. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलो नाही. म्हटलो असतो तर तू पेठभर सांगत फिरला असतास.

भिंत भरली तेव्हा मी विचारलं, आता कुठं लावू. समोर आरसा, बाजूला दार. तू म्हणालास, "वरच लाव. जुनं कोण वाचतंय?" हे तुझे शब्द आहेत, आणि ते इथं छापून यावेत म्हणून मी मुद्दाम लिहितो. मी पुन्हा डाव्या कोपऱ्यातनं सुरुवात केली. ती फेरी भरली, की तिसरी. तू म्हस काढायची थांबवलीस तोपर्यंत भिंत अशी फुगली होती की बाकडं पुढं ओढावं लागलं होतं. पावसाळ्यात तिला खळीचा वास यायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, "बाबू, भिंत काढून टाक, झुरळं होतील." मी म्हणायचो, झुरळं झाली तर तुमच्या घरी पाठवतो.

मग महापूर आला. आपल्या पेठेत पाणी चढलं नाही, पण पेपरवाल्यांचं गोदाम नदीच्या अंगाला होतं. सगळ्या जुन्या फाइली चिखलात गेल्या. तुझी मूळ चित्रं तू कधी परत मागितली नव्हतीस आणि त्यांनी कधी दिली नव्हती. मेघा तुझं सगळं काम पुस्तकात आणायचं म्हणून तुझ्याकडं आली, तेव्हा तुझ्या घरात तुझीच एक पट्टी सापडली नाही. तू तिला घेऊन माझ्या दुकानात आलास, दारात उभा राहिलास आणि भिंतीकडं बोट केलंस. मीच म्हटलं, "जुनं कोण वाचतंय?"

ते दिवस मला फार बरे गेले, अन्वर. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा आपण दोघं भिंतीला बसायचो. दाढी नरम करायला गरम टॉवेल ठेवतात तसाच मी भिंतीवर ठेवायचो. खळ सुटली की वस्तऱ्याचं बोथट टोक कोपऱ्यात घालायचं आणि श्वास धरून पट्टी उचलायची. तू खालनं दोन्ही तळव्यांवर झेलायचास. मेघा टिपकागदात घालून न्यायची. खालच्या ओळीतल्या पट्ट्यांना डोक्याच्या तेलाचे डाग होते, इतक्या वर्षांची माणसं तिथं डोकी टेकून बसलेली. मेघा म्हणाली, कॉम्प्युटरवर डाग काढता येतात. तू म्हणालास, "राहू दे गं. ती माणसं कुठं राहिल्यात? डाग तरी राहू देत." म्हणून या पुस्तकात डाग आहेत. छपाई वाईट समजू नये.

वरचा, म्हणजे सगळ्यात नवा थर आधी निघत होता, त्यामुळं सगळं उलटं चाललं होतं. मालकाचे पिकलेले केस काळे झाले. दुधाचा पेला काचेचा होता, तो पितळेचा झाला. हौसाचं रेडकू, ज्यानं पुढं पुढं तिच्यापेक्षा जास्त भाव खाल्ला, ते थराथराला लहान होत गेलं. मोठं वांड होतं, मग अवखळ, मग पाय फाकून उभं राहणारं. एका दुपारी ते नाहीसंच झालं. त्याच्या खालच्या थरात पोट सुटलेली हौसा निघाली.

मी आरशात तुझ्याकडं बघितलं. तू टॉवेल पिळत होतास, पिळतच राहिलास.

त्या पट्ट्या कुणी चितारल्या हे तेव्हा तिघांनाच माहीत होतं. तू एका दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरनं पडलास आणि उजवं मनगट मोडून बसलास. पेपरवाल्यांना म्हस रोज पाहिजे होती. मी दाढी करायला तुझ्या घरी यायला लागलो. पहिल्याच सकाळी बघितलं, तर रशिदाभाभी चुलीपुढं पाटावर कागद ठेवून हौसा काढत होत्या आणि तू शेजारी प्लास्टर मांडीवर घेऊन ओरडत होतास. "मागचा पाय पुढं घे. अगं, पुढं." त्या ऐकत नव्हत्या. त्यांचे वडील हातकणंगल्यात बैलांची शिंगं आणि गाड्यांची चाकं रंगवायचे, त्यांच्या हाताखाली त्या शिकलेल्या. तुझ्या आधीपासून त्यांचा हात चालत होता. मी पाट सरकवून तुझ्या तोंडाला साबण लावला आणि कुणाला काही बोललो नाही.

पण म्हस बदलली होती. तुझी हौसा कायम वाचणाऱ्याकडं बघायची, भाभींची मालकाकडं बघायची. अंग भरलेलं, डोळे मोठे. तू गळ्यात हात अडकवून माझ्या बाकड्यावर बसला होतास, आणि खुर्चीतला तालमीतला पैलवान आरशात बघत म्हणाला, "बाबू, ही म्हस आताशा बरी दिसत्या, न्हवं?"

दुसरा म्हणाला, "गाभण हाय वाटतं."

"व्हय की. तरीच तेज आलंय."

तू उठून गेलास. त्यांना वाटलं, हात दुखतोय.

हात बरा झाल्यावर तुला दुसरा इलाजच राहिला नाही. पेठभर म्हशीच्या बाळंतपणाची चर्चा. तू हौसा व्यायली असं काढलंस आणि रेडकू आलं. लोकांनी माझ्या दुकानात पेढे आणले. तू एक खाल्लास.

म्हणून त्या दुपारी तू टॉवेल खाली टाकून म्हणालास, "ह्या घ्यायच्या न्हाईत."

मी म्हटलं, "का?"

"माझ्या न्हाईत त्या."

"पुस्तकावर संपूर्ण लिवलंय."

"माझं संपूर्ण."

"तुझं संपूर्ण का म्हशीचं संपूर्ण? मधलं काढलंस तर रेडकू आभाळातनं पडलं म्हणायचं काय?"

"लोकं समजून घेतील."

"लोकं घेतील. मी न्हाय घेणार. भिंत माझी हाय."

"म्हस माझी हाय."

"म्हस गाभण कुणी केली?"

हे जरा जास्त झालं असं तुला वाटलं असेल. मला आजही वाटत नाही. तू खाली टाकलेला टॉवेल उचललास. मग हळू आवाजात म्हणालास, "बाब्या, तवा तिचं नाव दिलं न्हाय. नंतर कधीच दिलं न्हाय. आता कुठल्या तोंडानं देऊ?"

मी म्हटलं, "हाय त्याच तोंडानं. बस, दाढी करून देतो."

तू चप्पल घातलीस आणि गेलास.

त्यानंतर तू आला नाहीस. मीही बोलवायला आलो नाही. भिंत तशीच अर्धी सोललेली राहिली. गिऱ्हाइकं विचारायची, मी म्हणायचो, पेंटर आजारी आहे. आणि तू आजारी नव्हतास. तू रोज सकाळी माझ्या दारावरनं जायचास. गुळगुळीत दाढी करून, हनुवटीवरनं हात फिरवत, जरा जास्तच हळू. कोपऱ्यावर ते नवीन काचेचं सलून झालंय, आत गार हवा सोडतात आणि पोरं कानात बुगडी घालून केस कापतात. मी समजलो. इतक्या वर्षांत माझ्याशिवाय कुणाच्या हातात मान दिली नव्हतीस, आणि आता त्या पोरांना दिलीस. तू दारावरनं गेलास की मी हातातला वस्तरा उगाच चार वेळा चामड्याच्या पट्ट्यावर घासायचो.

एका सकाळी तू गेला नाहीस. दुपारी तुझा पुतण्या सांगत आला.

मी दुकान बंद केलं. वस्तरा खिशात होता, ठेवायचं सुचलं नाही, का मुद्दाम घेतला, आता सांगता येत नाही. शेवटचं बघायला तुझं तोंड उघडं ठेवलं होतं. माणसं बाजूला झाली तसा मी वाकलो. डाव्या जबड्याखाली, तुझा तीळ आहे तिथं, केस राहिले होते. तिथं केस उलटा फिरतो. वस्तरा खालनं वर न्यावा लागतो, आणि त्या जागी तू नेहमी हलायचास, म्हणून मी डावा अंगठा दाबून धरायचो. काचेच्या सलूनवाल्याला हे कसं माहीत असणार. मी पुतण्याला म्हटलं, "दोन मिनिटं थांबतासा काय? एवढं काढून घेतो."

तो म्हणाला, "काका, आता वस्तरा लावत न्हाईत."

मी तुला खांदा दिला, माती दिली, घरी आलो. रडलो वगैरे नाही. पण जेवताना ते केस डोळ्यापुढं यायचे. माणूस गेला ते एक वेळ समजतं. आपला माणूस दुसऱ्याच्या हातची अर्धवट दाढी घेऊन गेला, हे गिळता येत नव्हतं.

तुझा चाळिसावा दिवस झाला. मेघा विचारायला लागली, काका, पुढं काय करायचं, त्या पट्ट्या घ्यायच्या का सोडायच्या. चाचा नको म्हणाले होते, तुम्ही हवं म्हणता. मी टिपकागदातल्या त्या पट्ट्या घेतल्या आणि भाभींकडं गेलो.

भाभींनी चष्मा लावला. एकेक बघितली. मग एका पट्टीवर बोट ठेवलं. "हा मागचा पाय चुकलाय."

"अन्वर सांगत होता तवा, पुढं घे म्हणून."

"त्यांचं ऐकलं म्हणून चुकला. ह्या बाकीच्यात ऐकलं न्हाय, त्या बघा."

खरंच, बाकीच्यांत पाय बरोबर होता.

मग मी सगळं सांगितलं. तू काय म्हणालास, मी काय म्हणालो. कुठल्या तोंडानं, तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"बाबूभावजी, महिनाभर तुम्ही दोघं भांडलासा. हे म्हणत्यात नको, तुम्ही म्हणतासा पाहिजे. मला इचारलं काय कुणी?"

"न्हाय इचारलं."

"का?"

याचं उत्तर तुझ्याकडं असेल तर ठेव तुझ्याकडं. मी चहा प्यालो. बशी खाली ठेवताना मनातलं तोंडातनं गेलं. म्हटलं, "भाभी, बाकी जाऊ दे. पण त्या काचेच्या सलूनवाल्यानं त्याचं जबड्याखालचं सोडलं. शेवटच्या दिवशी तरी नीट करायची."

"कुठलं काचेचं सलून?"

"कोपऱ्यावरचं. तिकडं जायचा न्हवं महिनाभर?"

"कोण सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? गुळगुळीत होऊन रोज माझ्या दारावरनं जायचा."

भाभी उठल्या. मोरीच्या फळीवरनं ब्रश आणि साधं रेझर आणून माझ्यापुढं ठेवलं. ब्रशचे केस अजून साबणानं चिकटलेले होते.

"मी करत होते. अंगणात खुर्ची टाकून. ह्यांचा हात थरथरायचा, स्वतःची करता येईना झालती. म्हटलं, बाबूभावजींकडं जावा की. तर न्हाय. म्हटलं, दुसरीकडं जावा. तर म्हणाले, दुसऱ्याच्या हातात मान देणार न्हाय." त्यांनी रेझर माझ्याकडं सरकवलं. "आन झाली की म्हणायचे, चल, बाब्याच्या दारावरनं जाऊन येतो."

मी रेझर उचलून बघितलं. पातं बोथट होतं.

"त्या तिळापाशी हे हलायचे," भाभी म्हणाल्या. "मला भ्या वाटायचं, कापंल म्हणून. म्हणून तेवढं सोडायची."

"तिथं अंगठा दाबून धरावा लागतो."

"मला कुणी सांगितलं?"

खरं आहे. कुणी सांगितलं नव्हतं.

तू किती हलकट होतास, अन्वर. महिनाभर हनुवटी चोळत माझ्या दारावरनं गेलास आणि मी त्या गार हवेच्या दुकानाला शिव्या घालत बसलो. त्या पोरांना मी आता काही म्हणत नाही. परवा त्यांचा एक वस्तरा धार लावून दिला.

निघताना मी पट्ट्या गोळा केल्या आणि विचारलं, "मग? छापू?"

"छापा. पाय दुरुस्त करू नका."

"आन नाव?"

"घाला की," भाभी म्हणाल्या. "चोरी केल्या काय मी?"

भिंतीचं राहिलेलं मी नंतर एकट्यानं काढलं. झेलायला तू नव्हतास, म्हणून भाभी आल्या. दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि त्यांनी पदरावर झेललं. अगदी खालच्या थरात, वरच्या डाव्या कोपऱ्यात, तू लावलेली पहिली पट्टी निघाली. तुझी खळ जाड होती, ती अख्खी निघाली नाही. हौसाचं एक शिंग भिंतीवरच राहिलं. ते राहू दिलंय. पुस्तकात पहिल्या पट्टीत हौसाला एकच शिंग दिसेल, वाचणाऱ्यानं चूक काढू नये.

मी चुकलो होतो असं मी म्हणणार नाही. तू इथं असतास तर तूही म्हणाला नसतास. तुला हे पटलं नसेल तर पटवून घेऊ नकोस. माझ्या बाजूनं भांडण अजून चालू आहे असंच मी धरतो. तू दारावरनं जात नाहीस एवढाच फरक.

पुस्तकाचे सगळे भाग आता एकदमच निघतील. दुसऱ्या भागात, गाभण हौसाच्या पट्ट्यांवर, मेघानं एक ओळ घातली आहे. मी सांगितली तशी घातली आहे, वर-खाली काही केलेलं नाही: या पट्ट्या रशिदा यांनी काढल्या आणि रेडकू यांच्यामुळं आलं. भाभींनी ती ओळ दोनदा वाचली आणि मला दुसरा चहा दिला.

भिंत मोकळी झाल्यापासून खुर्चीतली गिऱ्हाइकं आरशात बघून गप्प बसतात. वाचून दाखवायला काही नाही. ते शिंग आहे तोवर मी भिंतीला चुना मारणार नाही.

तर अन्वर, म्हस पुरी झाली. रेडकू कुठनं आलं ते लोकांना कळलं. कुणी काढलं तेही छापून आलं. आता पुस्तकावर संपूर्ण लिहायला हरकत नाही. तुझं जबड्याखालचं तेवढं राहिलं.

तुझा,
बाब्या